तारे चेतवणाऱ्या देवीचं नाव लघुग्रहाला: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इंग्रज लेखक टॉल्किनच्या कल्पित जगात आकाशातले तारे आपोआप आलेले नाहीत. वार्दा नावाच्या देवीनं ते चेतवले. २०१४ मध्ये हेच नाव नेपच्यूनपलीकडच्या १७४५६७ क्रमांकाच्या खगोलाला अधिकृतपणे मिळालं आणि त्याच्या चंद्राला तिच्या सखीचं, इल्मारेचं. तिथल्या बऱ्याच खगोलांना सृष्टीच्या उत्पत्तीशी जोडलेल्या दैवतांची नावं द्यायची, असा संकेत आहे. एका लेखकाच्या मनातली देवीही त्यात सामावून घेतली गेली, याचा मला मनापासून आनंद होतो.

आपल्या आवडत्या कथेतलं नाव असं आकाशात जावं, असं वाटत असेल तर आधी पात्रता पाहा. नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधकर्त्याचा. लघुग्रहाची कक्षा पक्की ठरली की लघुग्रहांची नोंद ठेवणारं मायनर प्लॅनेट सेंटर त्याला कायमचा क्रमांक देतं आणि तिथून पुढे दहा वर्षं हा हक्क शोधकर्त्याकडे राहतो. म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा. एखाद्या शोधकर्त्याला विनंती करायची, नाहीतर स्वतः शोधायचं. दुसरी वाट वाटते तेवढी अवघड नाही. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशनच्या मोफत मोहिमांमध्ये भारतातल्या शाळा-कॉलेजांचे गटही भाग घेतात. दुर्बिणीतून घेतलेले फोटो संगणकावर एकामागोमाग एक पाहायचे आणि सरकणारा ठिपका हेरायचा. मात्र ठिपका दिसल्यापासून क्रमांक मिळेपर्यंत कित्येक वर्षं जातात, तेवढा धीर हवा.

कागदपत्रं म्हणाल तर आधार नको, दाखला नको. लघुग्रहाचा क्रमांक, सुचवलेलं नाव आणि त्यामागचं कारण सांगणारा छोटा इंग्रजी मजकूर, एवढंच लागतं.

खरी मेहनत नावावर घ्यावी लागते. रोमन लिपीत जास्तीत जास्त सोळा अक्षरं, मधली मोकळी जागाही त्यात मोजतात. शक्यतो एकच शब्द असावा, उच्चारता येईल असा. ‘वेताळपंचविशी’ जोडून लिहिलं तर बरोबर सोळा भरतात. तोडून लिहिलं की सतरा होतात आणि नाव बाद! आधीच्या नावाशी फार साम्य चालत नाही, जाहिरातीचं नाव अजिबात नाही. राजकारण किंवा युद्धामुळे गाजलेल्या व्यक्तीचं नाव तिच्या मृत्यूला शंभर वर्षं झाल्याशिवाय घेत नाहीत. घरच्या मांजराचं नावही देऊ नये, अशी सूचना आहे.

शुल्क शून्य. पैसे घेऊन ‘ताऱ्याला तुमचं नाव’ असं प्रमाणपत्र विकणाऱ्यांशी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा काही संबंध नाही. भेट म्हणून तसं काही विकत घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

अर्ज ऑनलाइन जातो. संघाचा लघुखगोलांच्या नावांसाठीचा कार्यगट त्यावर मत देतो. मंजूर नावं गटाच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध होतात. तिथे छापून येईपर्यंत नाव अधिकृत धरलं जात नाही.