काढ्याचा चहा कसा झाला

काढा हा शब्द संस्कृत 'क्वाथ'वरून आला. कढणं, कढी, कढत पाणी ही सगळी त्याच कुळातली. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काढ्याचं मापही आहे: एक पल, म्हणजे सुमारे चार तोळे भरड, तिच्या सोळापट पाणी, आणि मातीच्या भांड्यात आटवून आठवा हिस्सा उरला की गाळून घ्यायचं. आज पुडीतून 'हर्बल टी' म्हणून जे मिळतं, गरम पाण्यात भिजवलं आणि गाळलं, त्याला आयुर्वेदात वेगळं नाव आहे, फांट. चरकसंहितेत स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), काढा, हिम (थंड पाण्यात भिजवून गाळलेलं) आणि फांट अशा पाच कृती येतात, आणि लगेच तिथंच बजावलेलं आहे की रोगाचं आणि रोग्याचं बळ पाहून कृती ठरवावी, सगळ्या कृती सगळीकडे उपयोगी पडत नाहीत.

काढ्याच्या नावानं आज जे दावे होतात ते वाचताना मला हे वाक्य वारंवार आठवतं. परंपरेचा आधार घेणारे नेमकं तेच गाळतात.

महाराष्ट्रातल्या घरांत ही शिस्त बऱ्यापैकी टिकून होती. बाळंतकाढा क्रमांक १, २ आणि ३ ही त्याची साधी खूण: बाळंतपणाला किती दिवस झाले यावर काढा बदलायचा. सर्दीला आलं, गवती चहा, तुळस आणि मिरे उकळून दोन दिवस घ्यायचे, बरं वाटलं की थांबायचं. वर्षभर रोज सकाळी काढा पिणारं घर आजीच्या काळी शोधूनही सापडलं नसतं.

दावे मात्र जुनेच आहेत, हेही मान्य करायला हवं. अडुळशाबद्दल वैद्यांच्या तोंडी एक प्रसिद्ध श्लोक असतो. अडुळसा हाताशी आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर रक्तपित्ताच्या (अंगातून रक्त जाण्याच्या), क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्यानं खचावं कशाला, असा त्याचा अर्थ. यातल्या खोकल्याच्या भागात चांगलंच तथ्य निघालं. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झालं, आणि अॅम्ब्रॉक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. कफ पातळ करणारी ही औषधं आजही खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर छापलेली दिसतात. क्षयाचं तसं झालं नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला, १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, आणि क्षय बरा होऊ लागला तो प्रतिजैविकांनी. एकाच श्लोकातला एक दावा टिकला, दुसरा टिकला नाही. प्रत्येक वनस्पतीबाबत अशीच एकेक गोष्ट तपासावी लागते.

ताजा काढा टिकत नाही, त्यामुळे तो दुकानात यायला कारखाना लागला. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याची सुरुवात झाली; नाशिकला १९०७ मध्ये शंकर दाजी शास्त्री पदे यांच्या पुढाकारानं आयुर्वेद महासंमेलन उभं राहिलं. वैद्यकीला त्यामुळे बळ मिळालं, यात शंका नाही. पण बाटली विकत घेणाऱ्याची नाडी कोणी पाहत नाही. वैद्य एका रोग्याला जे सांगायचा, ते जाहिरात सगळ्यांना सांगू लागली. म्हणून १९५४ चा चमत्कारिक उपचारांच्या जाहिरातींवरचा कायदा आला. मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर औषधाची जाहिरात करायला त्यानं बंदी घातली. तरीही ग्रंथात सांगितलेलं औषध त्याच उपयोगासाठी विकायचं असेल, तर परवाना घेताना सुरक्षिततेच्या नव्या अभ्यासाची अट आजही नाही.

मग २०२० आलं. ३१ मार्चला आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्यावा असं सुचवलं. हा कोविडवरचा उपचार असल्याचा दावा नाही, असं त्याच पत्रकात लिहिलं होतं. १४ एप्रिलच्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितलेल्या सात गोष्टींतही काढा होता. लोक घाबरलेले होते आणि हाती दुसरं काही नव्हतं. त्यांनी काढा जवळ केला याचा दोष मी त्यांना देणार नाही. पण खुलाशाची ओळ घराघरांत पोचली नाही, काढा पोचला. त्याच्या जोडीला गुळवेल आली, जिचं ग्रंथातलं नाव अमृता.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण दिसले. सगळे गुळवेल घेत होते. या डॉक्टरांचा लेख २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मंत्रालयानं तो दिशाभूल करणारा ठरवला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, हा मुख्य आक्षेप. ओळखीचा प्रश्न खरा आहे, कारण गुळवेलीसारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल बाजारात मिसळते. पण पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या अनेकांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते हीच तिची ख्याती, आणि ज्यांना थायरॉइडच्या काही विकारांसारखा स्वयंप्रतिकाराचा आजार आधीच आहे त्यांना धोका तिथंच. अशा माणसाला गुळवेल द्यायची की नाही, हे रोग्याकडे पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.