श्वसनस्नायूंच्या ताकदीचे मापन (हृदयशस्त्रक्रियेपूर्वी)

श्वास ओढणारे आणि सोडणारे स्नायू तोंडाशी जास्तीत जास्त किती दाब निर्माण करू शकतात, हे पाहणारी चाचणी. ओढतानाच्या कमाल दाबाला एमआयपी, सोडतानाच्या दाबाला एमईपी म्हणतात. दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ब्लॅक आणि हायट यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेली पद्धत आजच्या चाचणीच्या मुळाशी आहे. वॉर्डात दिसणारे, श्वास ओढून तीन छोटे चेंडू उचलायचे यंत्र वेगळे. ते व्यायामासाठी असते, त्यावरून स्नायूंची ताकद कळत नाही.

रुग्णाला ताठ बसवून नाकाला चिमटा लावतात. एमआयपीसाठी छातीतली हवा होईल तेवढी सोडायची आणि मग बंद नळीतून सगळा जोर लावून श्वास ओढायचा, निदान दीड सेकंद. नळीला साधारण २ मिलिमीटरचे छिद्र असते. ते नसेल तर नुसते गाल चोखूनही काटा सरकतो. वाचने एकमेकांच्या जवळ येईपर्यंत चाचणी पुन्हा घेतात आणि सर्वांत मोठे वाचन धरतात. एमआयपी ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आला तर मोठी दुर्बलता सहसा नसते. कमी आकड्यावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. रुग्णाला सूचना कळली नसेल, तो घाबरला असेल, तरी आकडा खालीच येतो. नागपुरात विदर्भातल्या खेड्यांतून, तसेच छिंदवाडा-बालाघाटकडूनही रुग्ण येतात. ‘दम पूर्ण सोडा, आता ओढा, अजून ओढा’ हे त्यांच्या बोलीत आणि मोठ्याने सांगणे हा मापनाचाच भाग आहे.

शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड दुखते, खोकला जोराने काढता येत नाही. हृदय थंड करताना किंवा बायपाससाठी छातीच्या आतली धमनी काढताना कधी श्वासपटलाच्या नसेला इजा होते. मग कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आधीची ताकद माहीत असणे मोलाचे. नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायपास होणार असलेल्या आणि फुप्फुसाच्या गुंतागुंतीची जोखीम जास्त असलेल्या २७९ रुग्णांपैकी काहींना निदान दोन आठवडे रोज २० मिनिटे श्वास ओढण्याचा व्यायाम दिला. सुरुवातीचा भार, म्हणजे श्वास ओढताना होणारा अडथळा, एमआयपीच्या ३० टक्के होता. फुप्फुसाची गुंतागुंत त्यांच्यात १८ टक्के, तर इतरांत ३५ टक्के आढळली. भार ठरवायला आकडा लागतो. शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्याबरोबर तो घ्यावा, आदल्या दिवशी घेतला तर व्यायामाला दिवसच उरत नाहीत.

विश्रांतीतही छातीत दुखणे, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, महाधमनीचा फुगवटा किंवा फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, तर ही चाचणी टाळतात.