काळं अक्षर काळंच छापलं जावं म्हणून

दिवाळी अंकाचं पान संगणकावर देखणं दिसतं आणि छापून येतं तेव्हा अक्षरांच्या कडेला लालसर-निळसर छटा असते. दोष मशीनच्या माथी मारला जातो, पण तो बऱ्याचदा फाइलमध्येच असतो.

स्क्रीनवर रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा प्रकाश. तिन्ही बंद झाले की काळा. कागदावर मात्र शाई प्रकाश शोषते आणि उरलेला आपल्याला दिसतो. त्यासाठी ऑफसेट छपाईत चार शायांच्या चार प्लेटा लागतात: सायन (निळसर), मजेंटा (गुलाबीसर), पिवळी, काळी. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांतला, काळा या चार शायांत बदलताना फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकी सेटिंगमध्ये सायन ७५, मजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के होतो. म्हणजे एका अनुस्वारासाठी ३०० टक्के शाई! पावसाळी हवेत कागद किंचित फुगला आणि रजिस्टर, म्हणजे चारही प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी हललं, तरी रफार, उकार आणि जोडाक्षरांतल्या बारीक फटी रंगाळतात. वर्तमानपत्री कागदाला तर साधारण २४० टक्क्यांपुढे शाई सोसत नाही.

म्हणून मजकूर काळा १००, बाकी शून्य. पडताळणी सोपी आहे. पीडीएफ तपासायच्या अॅक्रोबॅट प्रो या सॉफ्टवेअरच्या 'आउटपुट प्रिव्ह्यू'मध्ये काळ्या प्लेटची खूण काढा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. मागे भुतासारखी करडी अक्षरं उरली, तर फाइल परत उघडायची. मोठ्या काळ्या पट्ट्यांचं गणित वेगळं: तिथे नुसती काळी शाई फिकट दिसते, थोडा सायन मिसळावा.

फोटोला ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) मागतात, कारण चांगल्या कागदावर इंचाला साधारण छपाईच्या ठिपक्यांच्या १५० ओळींची जाळी असते आणि पिक्सेल तिच्या दुप्पट लागतात. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचांपर्यंतच नीट छापतो. नुसता पीपीआयचा आकडा वाढवून तपशील वाढत नाही. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) ठेवा, म्हणजे ए४ पान २१६ × ३०३ होतं.

मराठीत फॉन्टची काळजी जास्त घ्यावी लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आपली अक्षरं रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असतात. प्रेसच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य रोमन चिन्हं उमटतात. युनिकोड असूनही सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाते. त्यामुळे मूळ फाइल न पाठवता फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच भरलेली, पीडीएफ द्यावी आणि देण्याआधी 'प्रॉपर्टीज'मधल्या यादीत प्रत्येक फॉन्टपुढे तशी नोंद आहे ना, ते पाहावं.