मुलाखतीचे डबल स्प्रेड (किशोरवयीनांची नियतकालिके)

नियतकालिकाच्या समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून मांडलेली मुलाखत. एका पानावर कडेपर्यंत भिडलेले छायाचित्र, दुसऱ्यावर प्रश्नोत्तरे आणि मधल्या घडीवरून आरपार गेलेले मोठे शीर्षक अशी तिची रूढ मांडणी असते. किशोरवयीन वाचकांसाठी हा प्रकार घडवण्यात ब्रिटनमधील ‘स्मॅश हिट्स’ (१९७८–२००६) या पॉप संगीताच्या पाक्षिकाचा वाटा फार मोठा आहे.

निक लोगन यांनी सुरू केलेले हे पाक्षिक आधी ओळखले गेले ते गाण्यांचे शब्द छापण्यासाठी. पुढे त्याच्या मुलाखती गाजल्या. त्या काळची रॉक साप्ताहिके कलावंताला अल्बममागची भूमिका विचारत. ‘स्मॅश हिट्स’ विचारी, ‘मंगळवारचा रंग कोणता?’ किंवा ‘तुमची आई गोल्फ खेळते का?’ या प्रश्नांना पोरकट म्हणणे अन्यायाचे आहे. नव्या अल्बमविषयीचे उत्तर गायकाला पाठ असते, मंगळवारच्या रंगाचे नसते. तो गोंधळतो, हसतो, कधी चिडतो, आणि वाचकाला त्याचा खरा स्वभाव दिसतो. पत्रकार टॉम हिबर्ट यांनी १९८७ मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचीही मुलाखत या पाक्षिकासाठी घेतली. त्यात पॉप संगीतावरचे प्रश्न होते.

मोठ्या कलावंतांना टोपणनावे देण्याची इथे रीत होती. डेव्हिड बोवी ‘डेम डेव्हिड’ (‘डेम’ हा ब्रिटनमध्ये स्त्रियांना मिळणारा किताब) झाले, तर पॉल मॅकार्टनी ‘फॅब मॅका वॅकी थम्स-अलॉफ्ट’. नियमित वाचकालाच कळणारी ही बोली त्याला आपल्या कंपूत ओढून घेई. नील टेनंट हे इथल्या संपादकीय विभागातून ‘पेट शॉप बॉइज’ या पॉप जोडीचे गायक झाले आणि मग याच पानांवर मुलाखती देऊ लागले.

मांडणीचे काम वाचकाला कुठूनही आत शिरू देण्याचे. प्रश्न ठळक किंवा रंगीत टायपात, उत्तर साध्या. त्यामुळे चाळणाऱ्यालाही हवा तो प्रश्न सापडतो. उत्तरातले एखादे वाक्य उचलून मोठ्या अक्षरांत मजकुराच्या मधोमध बसवतात. ते कबुलीसारखे किंवा अर्धवट सुटलेले असेल, तर पुढचे-मागचे वाचल्याशिवाय राहवत नाही. छायाचित्रातली नजर बहुतेकदा थेट वाचकाकडे असते. हे सगळे उपयोगी खरे, पण प्रश्न बेचव असतील तर रंगांनी पान तरत नाही.

या प्रकाराला व्यापारी बाजूही आहे. मुलाखत बहुधा नवी रेकॉर्ड बाजारात येताना ठरते आणि छायाचित्रे घासूनपुसून छापली जातात. निर्दोष दिसणारे ते चेहरे वाढत्या वयातल्या मुलामुलींना स्वतःच्या दिसण्याविषयी अस्वस्थ करू शकतात.

इंग्लंडमधील ओसीआर परीक्षा मंडळाच्या माध्यम अभ्यास विषयात नव्या संगीत मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि डबल स्प्रेड तयार करण्याचे काम बरीच वर्षे होते. मजकूर आणि छायाचित्रे विद्यार्थ्याची स्वतःचीच असावीत, अशी अट असल्याने गायक म्हणून कॅमेऱ्यासमोर बहुधा वर्गातलीच मुलेमुली उभी राहत.