इंगे हामरस्त्रोम

स्वीडनचा आइस हॉकीपटू आणि नंतर फिलाडेल्फिया फ्लायर्स या अमेरिकन संघाचा युरोपातील स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा. जन्म सुंद्स्वाल येथे, २० जानेवारी १९४८. डाव्या बगलेवरचा हा वेगवान आक्रमक येव्ले शहरातील ब्रीनेस संघाच्या १९७१ व १९७२ च्या राष्ट्रीय विजेतेपदांत सहभागी होता.

टोरांटो मेपल लीफ्स या कॅनडातील संघाचा स्काउट जेरी मॅकनमारा स्वीडनला आला होता तो गोलरक्षक कर्ट लार्सनला पाहायला. लार्सन जायबंदी होता. मॅकनमारा मग ब्रीनेसच्या सामन्याला गेला आणि तिथे त्याला बचावपटू बोर्ये साल्मिंग व हामरस्त्रोम सापडले. १९७३ मध्ये दोघे टोरांटोत दाखल झाले. पहिल्याच मोसमात हामरस्त्रोमने २० गोल केले, तरी मालक हॅरल्ड बॅलर्डने टोमणा मारला : खिशात सहा अंडी ठेवून याला कोपऱ्यात पाठवले तरी एकही फुटणार नाही. म्हणजे कोपऱ्यातली धक्काबुक्की हा टाळतो. १९७७ मध्ये तो सेंट लुइस ब्लूजकडे गेला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील सहा मोसमांत ४२७ सामने व ११६ गोल ही कामगिरी पाहता टोमणा अन्यायाचाच होता.

युरोपात हिंडणाऱ्या स्काउटची खरी अडचण रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, रुंदीत असते. तिथला रिंक सुमारे ३० मीटर रुंद, एनएचएलचा २६. रुंद बर्फावर पक (खेळाची रबरी चकती) घेऊन वळायला क्षणभर जास्त मिळतो. अरुंद रिंकवर तेवढ्यात प्रतिस्पर्धी अंगावर आलेला असतो. म्हणून गोल मोजून भागत नाही. रिंकच्या कडेच्या फळीलगत धक्का बसल्यावर पक टिकतो का, पक जवळ नसताना खेळाडू कुठे सरकतो, थांबल्या जागेवरून पहिली तीन पावले किती झपाट्याने पडतात, हे पाहायचे. तेही एका स्पर्धेपुरते नव्हे, मोसमात पुन्हापुन्हा. सतराव्या वर्षीच अंगाने भरलेला मुलगा उगाच मोठा खेळाडू वाटतो, तर चांगल्या जोडीदारांमुळे साधारण खेळाडूचे आकडे फुगतात. उलट, वरिष्ठ संघात मोजकीच मिनिटे मिळणाऱ्या गुणी पोराचे आकडे फसवे कमी दिसतात.

१९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, हामरस्त्रोमच्या शिफारशीवरून फ्लायर्सने स्वीडनच्या मोडो संघाचा पीटर फोर्सबर्ग सहाव्या क्रमांकावर घेतला. अनेकांना ती निवड फार वरची वाटली. पुढच्याच वर्षी एरिक लिंड्रोस हा खेळाडू मिळवण्यासाठी फ्लायर्सने फोर्सबर्गचे हक्क क्वेबेकच्या संघाला देऊन टाकले. क्वेबेकचा संघ कोलोरॅडोला हलल्यावर फोर्सबर्गने १९९६ व २००१ मध्ये स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला. फ्लायर्सकडून तो खेळला थेट २००५ मध्ये.