पावतीवर चार आकडे का? घरच्या सोयाबीनची उगवण समजून घेताना

(ग्रेडिंग आणि उगवण तपासणीसाठी बियाणं आणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या पावतीवर उगवणक्षमतेचे चार वेगळे आकडे असतात. त्याखाली त्यांची सरासरी आणि सरासरीपुढे ‘अधिक-उणे ५’ असं लिहिलेलं असतं. मग काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, “चार कशाला? काय तो एक आकडा सांगा ना.” एकच सांगायला आमची ना नाही, पण त्या एका आकड्यावर पेरणी ठरणार असेल तर तो कुठून आला हे तुम्हाला ठाऊक असावं.

३० किलोच्या गोणीत साधारण अडीच ते तीन लाख दाणे भरतात. त्यातले तपासायला लागतात फक्त ४००. समजा, गोणीची खरी उगवण ७० टक्के आहे आणि तुम्ही घरी ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवलेत. मोड बरोबर ७० दाण्यांनाच येतील असं नाही. एकदा ६४ येतील, एकदा ७५. संभाव्यतेच्या हिशेबाने वीसपैकी एकोणीस वेळा हा आकडा ६१ ते ७९ च्या दरम्यान राहतो. म्हणून शेजाऱ्याचे ७३ आले आणि तुमचे ६८, तर तेवढ्यावरून त्याचं बियाणं सरस ठरत नाही. ४०० दाणे लावले की हाच पट्टा ६५ ते ७५ असा आवळतो. आमचं ‘अधिक-उणे ५’ ते हेच. दाणे चौपट केले तरी चूक निम्मीच होते, कारण ती वर्गमुळाच्या हिशेबाने घटते. १६०० दाणे लावून ती आणखी निम्मी करता येईल, पण तेवढी मजुरी कुणाला परवडणार? बीज परीक्षण प्रयोगशाळेतही १०० चे चार गट करून ४०० दाणेच लावतात.

गोणी एक असो की ढीग दहा क्विंटलचा, हा पट्टा तेवढाच राहतो. हे पुष्कळांना पटत नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करतोच की आपण. मात्र भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा, आणि खरी गोम इथेच आहे. गोणीच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे आणले तर ती परीक्षा वरच्या थराची झाली. भिंतीला टेकलेल्या, ओल धरलेल्या बाजूचं त्यात काहीच येत नाही. शिवाय दाणे मोजायला बसलं की हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो, सुरकुतलेला बाजूला पडतो. मग उगवण ८५ टक्के येते आणि शेतात नांगे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, पडतात. म्हणून प्रत्येक गोणीतून वरचे, मधले, तळाचे दाणे काढा, सगळे एका घमेल्यात नीट कालवा आणि न निवडता सरसकट १०० मोजा. चुकीच्या पद्धतीने घेतलेला नमुना कितीही मोठा केला तरी सुधारत नाही.

आता चार आकड्यांकडे बघू, म्हणजे १०० दाण्यांच्या प्रत्येक गटाच्या एकेका आकड्याकडे. ७४, ६८, ७१, ६७ आले तर सरासरी ७०. एवढा फरक योगायोगाने पडतोच. पण ८४, ८०, ६२, ५८ आले तरी सरासरी ७१ च निघते! इथे नुसती सरासरी पाहिली तर आपण फसलो. एवढी तफावत सहसा नुसत्या योगायोगाने पडत नाही. दोन वेगळ्या शेतांतला माल नीट न कालवता एकत्र झाला असेल, किंवा लावलेल्या एखाद्या गोणपाटात पाणी कमी-जास्त झालं असेल. असं दिसलं की आम्ही पुन्हा दाणे लावतो आणि तुम्हाला दोन ढीग वेगळे करायला सांगतो. त्यासाठीच पावतीवर चारही आकडे ठेवतो.

मोजताना मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलं रोपच धरायचं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मळणीत मार बसलेल्या दाण्याला अर्धवट मोड येतो आणि तो पुढे टिकत नाही.

बियाण्याचा हिशेब सोपा आहे. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६५ ला साडेबत्तीस, ६० ला ३५. साठच्या खालचं पेरू नका. सरासरी काठावर, म्हणजे ७० च्या आसपास असेल तर आमचा सल्ला असा की पट्ट्याची खालची बाजू धरा. दोन-अडीच किलो जादा बियाण्याचा खर्च दुबार पेरणीपुढे काहीच नाही.

टोकण करणाऱ्यांसाठी, म्हणजे ठरावीक अंतरावर एकेका जागी दाणे टाकणाऱ्यांसाठी, थोडं अधिक. ७० टक्के उगवणीच्या बियाण्याचा एकेक दाणा टाकला तर शंभरातल्या ३० जागा रिकाम्या. दोन-दोन टाकले तर दोन्ही फसण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ९ जागा. तीन टाकले तर जेमतेम ३. पण हा गुणाकार एका दाण्याचं नशीब दुसऱ्याशी बांधलेलं नसेल तरच चालतो. पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर पापडी धरली की एका जागचे तिन्ही दाणे एकत्रच अडकतात. तिथे आमची पावती उपयोगाची नाही.

एक वही मात्र ठेवा. कोणतं शेत, मळणी थ्रेशरने की हार्वेस्टरने, काढणीच्या वेळी पाऊस होता का, उगवण किती. घरात दहावीचं पोर असेल तर वही त्याच्याकडेच द्या, गणिताच्या पहिल्या भागात संभाव्यता आणि सांख्यिकी त्याला आहेतच. दोन-तीन वर्षांत चित्र दिसू लागेल, पण निष्कर्षाची घाई नको. हार्वेस्टरच्या मालाची उगवण कमी दिसली म्हणून दोष यंत्राचाच असं नाही. पाऊस डोक्यावर आला तेव्हाच हार्वेस्टर बोलावला असेल, तर माल आधीच भिजलेला असू शकतो. पाऊस नसताना हार्वेस्टरने काढलेल्या मालाशी ताडून बघा.

तपासणीला सगळ्या गोण्यांतून मिळून अर्धा किलो नमुना आणा. तो कापडी पिशवीत आणा, प्लॅस्टिकमध्ये नको. निकालाला आठ दिवस लागतात, तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर फेरतपासणीलाही वेळ उरतो. मृगाच्या तोंडावर आणलेल्या नमुन्याचे दाणे पुन्हा लावायला आमच्याकडे जागा नसते.