पार्श्वभूमी : ओब्युसाँची टॅपेस्ट्री

मध्य फ्रान्समध्ये क्रूझ नदीकाठी ओब्युसाँ नावाचं छोटं गाव आहे. इथल्या मागांवर भिंतीला टांगायची लोकरी चित्रं, म्हणजे टॅपेस्ट्री, पाचशे वर्षांपासून विणली जातात. ७३२ साली फ्रान्समध्ये अरब सैन्याशी झालेल्या लढाईनंतर मागे राहिलेल्या अरबांनी ही कला शिकवली, अशी एक दंतकथा आहे. ती रंगतदार आहे, इतकंच. फ्लँडर्सकडच्या (आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) विणकरांमुळे इथे माग लागले, हे अधिक पटतं.

पैठणीचा पदर मागावर पाहिलेल्यांना यातलं तत्त्व सांगायला नको. बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाची कांडी आपल्या जागेपुरतीच फिरते. ओब्युसाँत माग आडवा असतो, नमुना ताण्याखाली, म्हणजे ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांखाली, ठेवलेला असतो आणि विणकर उलट्या बाजूने विणतो.

१६६५ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने इथल्या कारखान्यांना 'शाही' दर्जा दिला. सोबत एक चित्रकार आणि एक रंगारी पाठवण्याचं वचनही दिलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. ओब्युसाँला चित्रकारासाठी १७३१ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात, १६८५ मध्ये, प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य राजानेच काढून घेतलं आणि अनेक कसलेले विणकर जर्मनी-स्वित्झर्लंडकडे निघून गेले. अठराव्या शतकात झाडापानांच्या हिरव्यागार दृश्यांनी गाव पुन्हा उभं राहिलं, ते राज्यक्रांतीपर्यंत.

एकोणिसाव्या शतकातलं दुखणं मात्र घरातलंच होतं. टॅपेस्ट्री तैलचित्राची नक्कल करू लागली. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख शेवरल याने तर १४,४०० छटांची पद्धत मांडली होती! प्रत्येक सावली धाग्यात उतरवायची म्हटल्यावर वेळ आणि खर्च आवाक्याबाहेर जाणारच. तेवढं करूनही हाती यायची ती नक्कलच.

१९३९ मध्ये चित्रकार जाँ ल्युर्सा इथे आला. आँजे शहरातली चौदाव्या शतकातली 'अपोकॅलिप्स' (बायबलमधला जगाचा अंत) ही टॅपेस्ट्री त्याने पाहिली होती. मोजक्याच रंगांत ती केवढी बोलते, हे त्याला कळलं होतं. त्याने छटा कमी केल्या, वीण जाड ठेवली आणि रंगवलेल्या नमुन्याऐवजी रेषा व रंगांचे आकडे असलेला नमुना विणकरापुढे ठेवला. माझ्या मते गाव वाचलं ते या काटछाटीमुळे. पुढे वास्तुकार ल कॉर्ब्युझिएसारख्यांनी इथल्या मागांसाठी चित्रं काढली. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलची सुमारे २३ मीटर उंच टॅपेस्ट्री शेजारच्या फेलताँ गावात विणली गेली.

२००९ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि २०१६ मध्ये गावात टॅपेस्ट्रीचं मोठं केंद्र उघडलं. काम अजूनही धीमंच. विणलेला भाग रुळावर गुंडाळला जातो, त्यामुळे पूर्ण चित्र सुलट्या बाजूने पहिल्यांदा दिसतं ते ताणा कापून टॅपेस्ट्री मागावरून उतरवतात त्या दिवशी. विणणाऱ्यालासुद्धा.